गाण्यातून परकी भाषा : झेवियरांच्या घंटेपासून कोरियाच्या बालगीतांपर्यंत

सोलापूर हे अनेक भाषांचे शहर आहे. पूर्व भागातील विणकरांच्या घरांत तेलुगू बोलली जाते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचने कानडीत आहेत. बाजारात मराठी, हिंदी आणि उर्दू एकमेकींचा हात धरून चालतात. अशा शहरातले मूल शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच दोन-तीन भाषा कानाने ओळखू लागते. अलीकडच्या वर्षांत या भाषांच्या मेळ्यात एक अनपेक्षित पाहुणा आला आहे. अद्याप नीट बोलू न शकणारी मुले माशाच्या कुटुंबाचे एक इंग्रजी गाणे हातवारे करीत म्हणतात. बाळ, आई, बाबा, आजी, आजोबा ही नाती त्यांना इंग्रजीत ठाऊक झाली आहेत ती या गाण्यामुळे. ‘बेबी शार्क’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्याचे मूळ अमेरिकेतील मुलांच्या शिबिरांत गायिल्या जाणाऱ्या एका गाण्यात असले, तरी ते जगभर पोहोचविले दक्षिण कोरियातील सोल शहराच्या ‘पिंकफाँग’ या संस्थेने. २०१६ साली तिने त्याची नृत्यासहित आवृत्ती काढली. नोव्हेंबर २०२० मध्ये ती यूट्यूबवरील सर्वाधिक पाहिली गेलेली चित्रफीत ठरली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिने एक हजार कोटींचा आकडा ओलांडला.

कोरियातून आलेल्या गाण्याने सोलापूरच्या मुलाने इंग्रजी शिकावे, याचे काही वडीलधाऱ्यांना कौतुक वाटते, तर काहींना चिंता वाटते. कौतुक करावे की चिंता, हे ठरविण्यापूर्वी आपण थोडे मागे वळून पाहावे असे आम्हांला वाटते. लहान मुलांना गाण्याच्या आधाराने नवी भाषा व नवा विचार देण्याची रीत आजची नाही. तिचा एक मोठा अध्याय आपल्याच किनाऱ्यावर लिहिला गेला, दुसरा कोरियात आणि एक लहानसा अध्याय खुद्द सोलापुरात.

घंटा आणि गीत

६ मे १५४२ रोजी संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत, मुलांना व गुलामांना हाक देत आणि त्यांचा जथा घेऊन देवळात जात. तेथे विश्वासांगीकार, ‘आमच्या बापा’, ‘नमो मरिया’ आणि दहा आज्ञा ही सारी शिकवण ते चालीवर म्हणून दाखवीत व मुलांकडून म्हणवून घेत. मुले तीच गाणी घरी नेत. शिक्षक जेथे पोहोचू शकत नव्हता, तेथे मुलाचा आवाज पोहोचत होता.

त्याच वर्षी ते दक्षिणेकडील मोती काढणाऱ्या परवांच्या किनाऱ्यावर गेले. त्यांना तमिळ येत नव्हते. दोन्ही भाषा थोड्याफार जाणणाऱ्या माणसांना जवळ बसवून त्यांनी प्रार्थनांचे भाषांतर करून घेतले, ते स्वतः पाठ केले आणि मग गावोगाव मुलांना शिकविले. मुलांनी आपल्या आईवडिलांना, घरच्या नोकरांना व शेजाऱ्यांना ते शिकवावे, असा त्यांचा आग्रह असे. पुढे मलुकू बेटांवरील तेर्नाते येथे त्यांनी हाच मार्ग अवलंबिला. जानेवारी १५४८ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की तेथे चौकांत मुलगे, घरांत रात्रंदिवस मुली व स्त्रिया, शेतात कष्टकरी आणि समुद्रावर कोळी पूर्वीची निरर्थक गाणी सोडून विश्वासांगीकार व प्रार्थना गात असतात, आणि तेही त्यांना समजणाऱ्या भाषेत.

या पद्धतीचे सामर्थ्य जेवढे मोठे, तेवढाच तिचा एक धोकाही इतिहासाने नोंदविला आहे. झेवियर यांच्या मागोमाग त्या किनाऱ्यावर आलेले फादर हेन्रिक हेन्रिकेस यांनी तमिळचा कसून अभ्यास केला. तेव्हा त्यांना आढळले, की घाईत झालेल्या त्या भाषांतरात चुका राहिल्या आहेत. विश्वासांगीकाराच्या आरंभी ‘मी विश्वास ठेवतो’ या अर्थाच्या शब्दाऐवजी ‘मला हवे’ अशा अर्थाचा शब्द पडला होता. गावोगाव मुले तो तालासुरात म्हणत होती. चाल उत्तम असेल, तर तीवर बसलेली चूकही तितकीच घट्ट बसते. हेन्रिकेस यांनी दुरुस्ती केली, तमिळचे व्याकरण लिहिले, आणि १५७८ मध्ये कोल्लम येथे त्यांचे ‘तंबिरान वणक्कम’ हे पुस्तक तमिळ लिपीत छापले गेले. भारतीय लिपीत छापलेले भारतातील पहिले पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. गाण्याने सुरुवात झाली, परंतु काम पूर्ण झाले ते भाषेच्या अभ्यासाने, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ओवी शिकलेला इंग्रज

इंग्रजी शिकविण्याच्या आजच्या धांदलीत एका इंग्रजाचे स्मरण करणे अगत्याचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात आले. भारतात येऊन स्थायिक झालेले ते पहिले ज्ञात इंग्रज होत. त्यांनी सासष्टीतील मुलांना इंग्रजी शिकविले नाही. ते स्वतः कोकणी आणि मराठी शिकले. लोकांच्या कानांत जी चाल होती ती त्यांनी ओळखली. ती चाल होती ओवीची. जात्यावर बसलेल्या बाईपासून पुराणिकापर्यंत सर्वांच्या ओठी असलेल्या त्या छंदात त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते रायतूर येथे प्रथम छापले गेले आणि पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ रविवारी व सणांच्या दिवशी देवळांत मोठ्या आवडीने वाचला व गायिला जाई. लहान मुलांसाठी त्यांनी केलेली कोकणी धर्मशिक्षणाची पुस्तिका त्यांच्या निधनानंतर, १६२२ मध्ये, प्रसिद्ध झाली.

आशय नवा होता, पण छंद जुना होता, हे फादर स्टीफन्स यांच्या यशाचे मर्म आहे. ऐकणाऱ्याला एकाच वेळी दोन अनोळखी गोष्टी पेलाव्या लागल्या नाहीत. नवे शिकविताना हाताशी काहीतरी ओळखीचे असावे, हा नियम प्रौढांना लागू पडतो आणि बालकांना तर त्याहून अधिक.

कोरियाची दोन गाणी

आता कोरियाकडे वळू. कोरियातील ख्रिस्तसभेचा आरंभ मोठा विलक्षण आहे. तेथे प्रथम मिशनरी गेले नाहीत, पुस्तके गेली. चीनमधून आलेले धर्मग्रंथ वाचून काही विद्वान प्रापंचिकांच्या मनांत श्रद्धा जागी झाली. त्यांच्यापैकी यी सुंग-हुन यांनी १७८४ मध्ये पेकिंगला जाऊन स्नानसंस्कार घेतला व परत येऊन इतरांना दिला. विद्वानांची लेखनाची भाषा चिनी होती. सामान्य जनांसाठी राजा सेजोंग यांनी १४४६ साली जाहीर केलेली ‘हंगुल’ ही सोपी लिपी होती, परंतु पंडितवर्ग तिला कमी लेखीत असे. ख्रिस्ती लोकांनी ती जवळ केली. जंग याक-जोंग यांनी धर्मशिक्षणाचे पुस्तक हंगुलमध्ये लिहिले. १८०१ च्या छळात त्यांनी रक्तसाक्ष दिली आणि २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सोल येथे त्यांना धन्यवादित घोषित केले.

पुस्तक सर्वांपाशी नसते, आणि छळाच्या काळात ते घरात सापडणेही जिवावर बेतते. तेव्हा कोरियन ख्रिस्तसभेने पाठांतराचा आधार घेतला. ‘कासा’ नावाचा एक जुना कोरियन काव्यप्रकार आहे. आपल्या ओवीप्रमाणे तो लांबवर चालू शकतो आणि सहज तोंडी बसतो. त्या छंदात धर्मतत्त्वांची गीते रचली गेली. दुसरे कोरियन धर्मगुरू फादर थॉमस चे यांग-अप यांचे नाव या गीतांशी जोडले जाते. १८४९ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि डोंगराळ खेड्यांत लपूनछपून राहणाऱ्या श्रद्धावंतांची सेवा करता करता १८६१ मध्ये ते निवर्तले. फादर स्टीफन्स यांचे नाव त्यांच्या कानी आले असण्याचा संभव फार थोडा. तरी दोघांनी एकच वाट निवडली.

दुसरे गाणे मुलांचे. १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या अमलाखाली होता आणि शाळांत जपानी भाषेचे व जपानी गाण्यांचे वर्चस्व होते. अशा वेळी बांग जंग-ह्वान या तरुण लेखकाने बालकांचा कैवार घेतला. मुलाला आदराने संबोधणारा ‘ओरिनी’ हा शब्द त्यांनी रूढ केला आणि त्याच नावाचे मासिक १९२३ मध्ये सुरू केले. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी युन गुक-यंग यांनी १९२४ मध्ये ‘बांदाल’ म्हणजे ‘अर्धचंद्र’ हे गीत रचले. आकाशातून वल्ह्याशिवाय चाललेली चंद्राची होडी असा त्याचा विषय असून आधुनिक कोरियन बालगीतांचा आरंभ त्यापासून मानतात. १९२८ मध्ये ली इल-रे या शिक्षकांनी डोंगरातल्या सशाचे गाणे बांधले. ते आजही तेथील प्रत्येक मुलाला येते. १९३८ नंतर शाळांतून कोरियन भाषा जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा घराघरांत मातृभाषा जपण्यास या गाण्यांचा मोठा हातभार लागला. ज्या राष्ट्राने परकी भाषा सक्तीने शिकण्याचा अनुभव घेतला, त्याने आपली भाषा मुलांच्या गाण्यात सांभाळून ठेवली होती.

सोलापुरातील बालवर्ग

मुलांचे शिक्षण गाण्यातून व्हावे या विचाराला युरोपात शास्त्राचे रूप दिले ते जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी. १८४० मध्ये त्यांनी आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ म्हणजे ‘मुलांची बाग’ असे नाव दिले आणि १८४४ मध्ये आईने मुलासह म्हणावयाच्या गाण्यांचे व बोटांच्या खेळांचे पुस्तक प्रसिद्ध केले. आई, मूल आणि गाणे हे त्यांच्या मते एकच त्रिकूट होते.

हा विचार सोलापुरात आला तो आपल्या प्रोटेस्टंट बंधुभगिनींमुळे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात अनेक मुले पोरकी झाली व मिशनच्या आश्रयाला आली. त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मेरी हार्डिंग यांनी सोलापुरात बालवर्ग आणि बालवर्गाच्या शिक्षिकांना तयार करण्याचे काम चालविले. त्याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक मराठीत मुलांसाठी कविता लिहीत होते. परदेशी चालींत कोंबलेले मराठी शब्द त्यांना खटकत. जेथे सुराने उचल खावी तेथे शब्द खाली बसतो, अशी त्या भाषांतरित गीतांची अवस्था होती. म्हणून त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तनाकडे ख्रिस्ती उपासनेला वळविले. पुढे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. तेथेही गाणी आणि आसपासचा निसर्ग हीच पहिली पाठ्यपुस्तके होती.

ओळखीची चाल, नवा शब्द

या पार्श्वभूमीवर कोरियन बालगीतांतून इंग्रजी शिकविण्याची कल्पना पाहावी. कोरियात १९९७ पासून प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाले आणि तेथील पाठ्यपुस्तकांत गाण्यांना मानाचे स्थान मिळाले. कोरियन मुलाला तीन अस्वलांचे एक गाणे पाळण्यापासून पाठ असते. एका घरात बाबा अस्वल, आई अस्वल आणि बाळ अस्वल राहतात, एवढाच त्याचा आशय. अशा गाण्याच्या चालीवर शिक्षक इंग्रजी शब्द बसवितो. चाल मुलाची, गोष्ट मुलाची, हातवारेही मुलाचे. नवा असतो तो फक्त शब्द. अर्थ समजावून सांगावा लागत नाही, कारण तो आधीच ठाऊक असतो. फादर स्टीफन्स यांनी ओवीबाबत जे केले, तेच हे लहान प्रमाणावर आहे.

तेच गाणे सोलापूरच्या मुलापर्यंत येते, तेव्हा मात्र परिस्थिती पालटते. येथे चालही नवी आणि शब्दही नवे. तरीही मूल ते उचलते, कारण पुनरावृत्ती, ताल आणि हालचाल यांची मोहिनी मोठी असते. पण उचलणे आणि समजणे यांत अंतर आहे. इंग्रजी मुळाक्षरांचे गाणे सर्वांना परिचित आहे. त्याची चाल अठराव्या शतकातील फ्रान्सची आहे. तीच चाल इंग्लंडमध्ये चांदणीच्या कवितेला लागली आणि कोरियातही पोहोचली. आपली मुले ते गाणे झरझर म्हणतात. परंतु मध्ये ‘एलेमेनोपी’ नावाचे एकच अक्षर आहे असा कित्येकांचा समज असतो! पाच अक्षरे एका दमात गेली आणि त्यांचा गोळा झाला. ‘मला हवे’ म्हणणाऱ्या परवांच्या मुलांची येथे आठवण होते.

उच्चारांचेही तसेच आहे. इंग्रजी शब्दांत एका अवयवावर जोर पडतो. ‘टोमॅटो’, ‘पोटॅटो’, ‘बनाना’ या तिन्ही शब्दांत तो मधल्या अवयवावर आहे. गाण्याचा ठेका जर पहिल्या अवयवावर पडला, तर मूल चुकीचा जोर जन्मभरासाठी शिकते. कोरियन भाषेत दोन व्यंजने सहसा स्वराशिवाय एकत्र राहत नाहीत, म्हणून कोरियन मूल ‘मिल्क’च्या शेवटी एक स्वर जोडते. आमच्या शहरातील तेलुगू मूलही ‘बस’ला ‘बस्सु’ म्हणते आणि आणखी एखादे मूल ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ करते. दूरच्या कोरियातील बालक आणि आपल्या पूर्व भागातील बालक यांची अडचण एकाच जातीची आहे. चांगले गाणे निवडले, शब्दाचा जोर आणि तालाचा ठोका जुळविला, तर गाण्यानेच ही अडचण दूर होते. वाईट निवडले, तर गाण्यानेच ती पक्की होते.

आपल्या घरांसाठी

महाराष्ट्र शासनाने २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. अनेक पालक त्याहून पुढे जाऊन बालवर्गापासूनच इंग्रजी माध्यम निवडतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. गिरण्या बंद पडलेल्या या शहरात मुलाला बाहेरच्या जगाची किल्ली द्यावी, असे कोणत्या आईबापांना वाटणार नाही? परंतु आमच्या धर्मग्रामात हिंडताना आम्हांला अशीही घरे दिसतात, जेथे नातवंडाला इंग्रजी गाणी दहा येतात आणि आजीबरोबर संध्याकाळची प्रार्थना म्हणता येत नाही. आजी मराठीत किंवा तेलुगूत सुरुवात करते. मूल गप्प राहते. एका घरात दोन पिढ्यांना एकत्र म्हणण्याजोगे काही उरत नाही, हे नुकसान परीक्षेच्या गुणपत्रिकेत दिसत नाही म्हणून लहान मानू नये.

इतिहासातून तीन गोष्टी हाती लागतात, असे आम्हांला वाटते. पहिली, गाण्याबरोबर माणूस हवा. झेवियर यांची घंटा रस्त्यात वाजत होती, पण घंटेमागे माणूस चालत होता. मोबाईलचा पडदा गाणे देतो. मूल कोठे अडखळले हे तो पाहत नाही. परकी गाणी ऐकावयाचीच असतील, तर आईने, बाबांनी किंवा शिक्षिकेने शेजारी बसून ती मुलासह म्हणावीत, शब्द सुटे करून दाखवावेत आणि ‘हे काय?’ म्हणून विचारावे.

दुसरी, ओळखीची चाल आधी घ्यावी. कोरियन शिक्षकाने स्वतःच्या देशातील अस्वलाच्या गाण्यावर इंग्रजी बसविले. आपण चिऊताईच्या, पावसाच्या, भोंडल्याच्या चालींवर सोपे इंग्रजी शब्द का बसवू नयेत? द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या आपल्या घटनेत सांगितले, की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला योग्य मान द्यावा. हे वचन उपासनेसाठी असले तरी त्यामागील शहाणपण बालवर्गालाही उपयोगी आहे.

तिसरी गोष्ट कोरियाकडूनच शिकावयाची. आज जगाला इंग्रजी बालगीते पुरविणाऱ्या या राष्ट्राने स्वतःची अर्धचंद्राची होडी बुडू दिली नाही. तेथील मूल इंग्रजी गाणे म्हणते आणि सशाचेही गाणे म्हणते. ते दुसरे गाणे त्याच्या आजीलाही येते.

वाचकहो, परकी भाषा ही संपत्ती आहे. ती आपल्या मुलांना अवश्य मिळावी आणि गाण्यातून मिळाली तर आनंदच आहे. मात्र रात्री निजताना मुलाच्या कानावर पडणारे शेवटचे गाणे घरातल्या माणसाच्या आवाजातले आणि घरच्या भाषेतले असावे. यासाठी शुल्क लागत नाही, यंत्र लागत नाही. आजी आणि पाच मिनिटांचा वेळ एवढे पुरते.